खोडलेली ओळ

न्यूझीलंडमधल्या टौरंगाजवळच्या आमच्या संशोधन संस्थेत ताई तंत्रज्ञ होत्या. रोज सकाळी नऊला किवीफळांच्या मळ्यात जाऊन मातीचं तापमान मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. पाऊस असला तरी पायांत जँडल्सच, म्हणजे तिथल्या रबरी चपला. "बरं का साहेब" हे त्यांचं पालुपद. त्यातला 'साहेब' मला टोचायचा.

नव्वदच्या दशकात सरकारने नियम बदलला. संशोधनाला पैसा हवा असेल तर अर्ज करायचा आणि इतरांशी स्पर्धा करायची. आमचे अर्ज मी लिहायचो. 'दोन वर्षांत काय निष्पन्न होईल?' या रकान्यात मी त्यांच्या वतीने लिहिलं, 'निर्यातीसाठी अधिक गोड फळ.'

सही करण्यापूर्वी त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'आधीच ठाऊक असतं तर मोजलं नसतं.'

"ताई, अशाने अर्ज नामंजूर होईल."

"होऊ दे. खोटं लिहिणं तुम्हाला जमतं, बरं का साहेब."

तो अर्ज मी पाठवलाच नाही. नामंजूर झाला, असं त्यांना सांगितलं. त्यांचं काम बंद झालं, नोकरीही गेली.

तरी मळेवाल्याला विचारून त्या रोज नऊला मळ्यात येत राहिल्या. एका सकाळी तिथे जाऊन मी सगळं कबूल केलं. वाकून थर्मामीटर बघत होत्या, तशाच राहिल्या. मग वही माझ्या हातात दिली.

"चौदा पॉइंट दोन. लिहा. आणि आहे तेच लिहा."