अरुंधतीकाकूंची फळी

आमच्या शेजारच्या कमलाकरकाकांना भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी आधी कागदावर चित्र काढावं लागतं. समोरून, बाजूने, वरून. न्हावा शेव्याच्या एका कंपनीत कंटेनरमध्ये माल कसा रचायचा हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. बोट कितीही हलली तरी आतली काचसुद्धा तडकता कामा नये, हा त्यांचा खाक्या. तिथल्या मोडक्या लाकडी पॅलेटच्या फळ्या ते रिक्षात घालून पनवेलला आणायचे आणि अशा वस्तू करायचे, की येणाऱ्याने हात फिरवून बघावं. फक्त ती वस्तू होणार कधी, हे विचारायचं नाही. आमच्या मजल्यावरच्या चपलांच्या कपाटाचं डिझाइन पक्कं होईपर्यंत माझ्या लेकीच्या पायाचं माप दोनदा बदललं.

अशा माणसाशी संसार करायला लागणारा धीर अरुंधतीकाकूंनी कुठून आणला होता, देव जाणे. त्यांची एक रीत होती. दुपारी ताटं वाढायच्या आधी त्या तूपभाताचा घास गॅलरीच्या कठड्यावर ठेवायच्या. कावळा यायचा, घास न्यायचा, आणि मग काकू आत वळून म्हणायच्या, "बसा आता जेवायला." कावळ्याला उशीर झाला की काका रिकाम्या ताटासमोर बसून. "आमच्या घरात माझा नंबर कावळ्यानंतर," असं ते सगळ्यांना हसत सांगायचे.

भात खालच्या गाड्यांवर पडतो अशी सोसायटीत तक्रार झाली, तेव्हा काकूंनी काकांना सांगितलं, "कठड्याला एक फळी ठोकून द्या हो. चारी बाजूंनी पट्टी लावा, म्हणजे शितं पडणार नाहीत." झालं! काकांनी कागद पुढे ओढला. एक कौलारू छपराचं घर, एक आपोआप दाणे उतरणारा उभा डबा, एक पावसाचं पाणी निथळणारं तिरकं ताट. काकू प्रत्येक चित्र कौतुकाने बघायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे, पण मला नुसती फळी हवीय."

"नुसती फळी काय कुणीही ठोकेल. करायचं तर नीट करू," हे काकांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या दिवाळीनंतर काकू तापाने पडल्या त्या उठल्याच नाहीत. फळी तेव्हाही कागदावरच होती.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी गेलो. पिंड ठेवून सगळे मागे सरले. समोरच्या झाडावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. मुलगा स्वानंद हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी एकटं पडू देणार नाही." मुलगी रेवा म्हणाली, "तुझी तुळस मी सांभाळीन." मग सगळ्यांनी काकांकडे बघितलं. ते झाडावरच्या कावळ्यांकडे बघत राहिले. ऊन चढत गेलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही परतलो. मी असलं काही मानत नाही. तरी त्या दिवशी काकांचा चेहरा बघवत नव्हता.

घरी आल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पद्मजा, मला फळीचं बोलायचं होतं गं. एवढ्या लोकांत फळीचं काय बोलायचं, म्हणून गप्प बसलो. तिची इच्छा माझ्यामुळे अडकली."

मला वाटलं, आता तरी हे फळी ठोकतील. कशाचं काय! त्यांनी सगळ्यांत अवघड डिझाइन निवडलं. उतरतं छप्पर, चारी बाजूंना भिंती आणि पुढच्या भिंतीला एक छोटं गोल भोक.

"भोक फार लहान नाही का झालं, काका?"

"चिमणीपुरतं आहे."

"आपल्याकडे चिमण्या आहेत कुठे? ऑनलाइन मागवणार आहात?"

ते हसले नाहीत. करवत थांबवून म्हणाले, "कावळ्याला आत शिरता येता कामा नये. इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि नेमका त्या दिवशी खाली उतरला नाही."

राग कावळ्यावर नव्हता, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार. पण तेवढ्या रागाच्या जोरावर माणूस उभा होता, म्हणून मी तोंड आवरलं. एरवी मी काही गप्प बसणारी नाही.

घर सुरेख झालं. ते कठड्याला लावून काकांनी आत बाजरी घातली. चिमणी काही आली नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला कावळा मात्र आला. छपरावर बसला, घसरला, पुन्हा बसला. मान वाकडी करून भोकातून आत बघितलं. मग काकू घास ठेवायच्या त्या जागी कठड्यावर उतरला आणि गॅलरीच्या दाराकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

मुलं आपापल्या घरी परतली होती, म्हणून मी रोज दुपारी काकांना आमटी द्यायला जायचे. काकू गेल्यापासून ते ओट्याशी उभ्यानेच चार घास पोटात ढकलत. टेबलावर दुसरं ताट दिसत नाही ना, म्हणायचे. एका दुपारी गेले तर काका गॅलरीच्या दारात उभे आणि समोर कठड्यावर कावळा.

"हा तिची वाट बघतोय गं," ते हळू आवाजात म्हणाले. "ती गेली हे त्याला कुणी सांगितलंय?"

आणि दहाव्यालाही न रडलेला तो माणूस दाराची चौकट धरून ढसाढसा रडला. मलाही आवरेना.

डोळे पुसून त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला. छप्पर उतरवलं, भिंती काढल्या. उरली ती तळाची फळी. तिला चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या. कागद घेतला नाही, माप घेतलं नाही. एक पट्टी चक्क वाकडी बसली, ती तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मऊ भात केला, वर तूप घातलं आणि घास फळीवर ठेवला. आत टेबलावर एकच ताट मांडलेलं होतं. मी आमटीचं भांडं धरून उभी राहिले. कावळा यायला उशीर झाला. आला, फळीवर नीट पाय रोवून बसला, घास उचलला आणि उडून गेला.

"शिवला हो काका," असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. रिकाम्या फळीकडे बघत त्यांनी विचारलं, "बसू आता जेवायला?"