आंब्यावरचा निवडुंग

खोपोलीच्या चाळीत गॅलरीतल्या फुटक्या डब्यांत झाडं लावणाऱ्या रूपाला कडावच्या सासरी रस्त्यालगतचं अंगण मिळालं आणि तिने तिथे रोपवाटिका काढली. नवरा संतोष टेंपोने रोपं पोचवायचा. धंदा बरा चालला होता. वैताग होता तो सासऱ्यांचा. गुडघे धरले तशी धर्माजींनी शेती सोडली, आणि त्यांचे रिकामे हात रूपाच्या कुंड्यांकडे वळले.

एकदा तिने लोंबता निवडुंग आणला. रिप्सालिस नावाचा. ना काटे, ना पानं; हिरव्या सुतळीसारख्या फांद्या खाली सुटलेल्या. दुसऱ्या दिवशी तो पत्र्यावर, भर उन्हात.

"आबा, हा इथे कोणी ठेवला?"

"मीच. निवडुंग हाय ना? त्याला ऊन नको व्हय?"

"हा वाळवंटातला नाही हो! ब्राझीलच्या जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतो. सावलीत, ओलाव्यात."

"मग निवडुंग कशाला म्हनतेस गं?"

रूपाने लालसर पडलेलं रोप उतरवलं आणि परसातल्या आंब्याच्या बेचक्यात काथ्याने बांधलं. तिथे ते रमलं. दोन पावसाळ्यांत हातभर लोंबलं, मोत्यासारखी पांढरी फळं धरली.

मग एक दिवस ती खालापूरहून कुंड्या घेऊन परतली, तर आंब्याखाली हिरवा ढीग आणि शेजारी कोयता घेतलेले धर्माजी.

"केवढं बांडगूळ माजलं होतं! आंबा वाळला असता."

रूपाने कपाळावर हात मारला. "आबा, बांडगूळ झाडाचा रस पितं! हे बिचारं नुसतं बसलेलं असतं! तुमच्यादेखत बांधलं होतं ना मी?"

"तवा एवढंसं होतं. मला काय ठावं, असं वाढंल?"

तिने ढिगाचे तुकडे करून सावलीत सुकत ठेवले. दोन दिवसांनी ते नारळाच्या भुशात खोचायला बसली, तेव्हा धर्माजीही शेजारी येऊन बसले. चुकलं म्हणाले नाहीत. तुकडे मात्र नीट खोचले.

दीडेक महिन्यांत, भात पोटरीला येईतो, बहुतेक तुकड्यांना मुळं फुटली. रूपा खुशीत माहेरी जाऊन आली. परतते तर धर्माजींनी फाटकालगतच्या रोपांना सावली म्हणून बांबू ठोकून हिरवी जाळी ताणलेली, ऐन फाटकात. बाहेर संतोष टेंपोचा हॉर्न वाजवतोय.

"आबा, टेंपो आत कुठून आणायचा?"

"त्याला बाहेर उभा करायला सांग. झाडास्नी ऊन लागतंय."

रूपाने पिशवी खाली ठेवली आणि बांबू उखडण्यासाठी पहार शोधायला गेली.