दोन माणसांची गाडी

आमची जुनी डिझेल पिकअप सकाळी चालू करायला दोन माणसं लागायची. एकानं बॉनेट उघडून फिल्टरजवळचा हातपंप तळव्यानं दाबत राहायचं, तो कडक लागला की ओरडायचं, आणि दुसऱ्यानं लगेच किल्ली फिरवायची. गाडी उभी राहिली की पाइपातलं डिझेल हळूहळू मागं टाकीत उतरायचं आणि त्या जागी हवा भरायची. पाइप बदलले, वॉशर बदलले, गाडी उलटी लावून पाहिली. हवा कुठून शिरायची ते तिचं तिला ठाऊक.

नवरा बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. पहिल्या पाळीला तो उजाडायच्या आत मोटरसायकल काढतो. त्यामुळे किल्लीवर मी आणि बॉनेटवर आबा, म्हणजे माझे सासरे, अशी आमची वाटणी होती. आणि माझं सगळं दुखणं तिथंच होतं. गाडी चालू झाली की आबा हात पुसत म्हणायचे, "उठलोच हाय तर येतो की." आणि शेजारी येऊन बसायचे.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या अंगाला. भाजीचा बाजार बारामतीत. एवढ्या वाटेत आबा मला गिअर कधी बदलायचा ते शिकवायचे. स्वतः त्यांनी उभ्या जन्मात बैलगाडीशिवाय काही हाकलेलं नाही. पिंपळीत चहाला थांबायचं हे ठरलेलं. तिथं कुणी ओळखीचं भेटलं की दुसरा चहा. आणि ज्याच्याशी ओळख निघत नाही असा माणूस आबांना अजून भेटायचा आहे.

मग उशिरानं बाजारात. कारली मी लावलेली, मांडवावर मी चढवलेली, आदल्या संध्याकाळी मी तोडलेली. पण बोली कमीवर थांबली की आडत्या माझ्याकडं नाही, आबांकडं बघायचा. "काय आबा, द्यायची का?" आबा पडले भिडेचे. "दिऊन टाक, ऱ्हाऊ दे," म्हणायचे. मला वाटायचं, एक क्रेट उचलावा आणि डोक्यात घालावा. कुणाच्या ते सांगत नाही.

मला एकटीनं बाजारात जायचं होतं. माझा माल मला विकायचा होता. पण ज्या माणसाच्या हाताशिवाय गाडी घुरघुरतसुद्धा नाही, त्याला "तुम्ही येऊ नका" म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? माझं तोंड तसं तिखट आहे, घरात कुणालाही विचारा. पण आबांपुढं ते दर वेळी मिटायचं.

एकदा गाडी ऑइल बदलायला गॅरेजात नेली आणि मिस्त्रीपुढं रडगाणं गायलं. तो म्हणाला, "टाकीपाशी बॅटरीवरचा एक बारका पंप बसवू की. तो मागनं ढकलंल, पुढचा वडंल. हातपंपाला हात लावायचं काम न्हाय."

"म्हणजे एका माणसाला चालू करता येईल?"

"झोपंत किल्ली फिरवली तरी व्हईल, ताई."

मी नवऱ्याला फोनसुद्धा केला नाही. बसवा म्हटलं. पंप मुठीएवढा. गाडीखाली टाकीच्या बाजूला नटबोल्टनं आवळला आणि त्याचं बटण माझ्या गुडघ्यापाशी बसवलं. बटण दाबलं की टकटक आवाज यायचा. मला तो आवाज इतका गोड वाटला की मी तीन-चार वेळा उगाचच दाबून पाहिलं.

घरी आबांनी वाकून वाकून पंप बघितला. "म्हंजी हिरीवरची मोटरच की ही," ते म्हणाले. नवी मोटर म्हटल्यावर हळदकुंकू आलंच. पण त्यांना खाली शिरता येईना, म्हणून मी पदर खोचून गाडीखाली सरपटत गेले आणि त्या मुठीएवढ्या पंपाला हळदकुंकू लावलं. आबा बाहेरून सांगत होते, "मधी लाव, मधी!" बाहेर आले तेव्हा पंपापेक्षा माझ्याच अंगाला जास्त हळद होती.

रात्री जेवताना मी धीर करून म्हटलं, "आबा, उद्या तुम्ही निवांत झोपा."

"बरं," ते म्हणाले. ते इतकं हळू आलं की मी त्यांच्या ताटात न विचारता अजून एक भाकरी वाढली.

सकाळी किल्ली फिरवली तर काहीच नाही. टकटक नाही, दिवा नाही, हॉर्नसुद्धा मेलेला. तेवढ्यात मफलर गुंडाळत आबा बाहेर आले आणि खुशीत म्हणाले, "डिझेल भरलं आसंल की पाइपात. म्या रातीच बटन दाबून ठिवलंय."

आमच्याकडं शेतीची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून विहिरीवरच्या मोटरीचं बटण कुणी बंद करत नाही. ऑटोवर टाकून ठेवायचं, लाईट आली की मोटर आपली आपण चालू. आबांनी गाडीच्या पंपाचीही तशीच सोय लावली होती. त्या बिचाऱ्यानं रात्रभर टाकीतलं डिझेल उपसून परत टाकीतच सोडलं होतं आणि बॅटरी पिऊन टाकली होती.

मी तोंड उघडलंच होतं. शब्दही तयार होते, एकापेक्षा एक. तेवढ्यात आबा म्हणाले, "तुला सकाळी खोळंबा नगं म्हनून." मला हसूच फुटलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटले. आबांना काही कळेना, पण तेही हसायला लागले.

त्या दिवशी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरनं ओढून गाडी चालू केली. आबा शेजारी, पिंपळीत चहा, बाजारात उशीर, आणि "दिऊन टाक." येताना मी तडक गॅरेजात गेले. मिस्त्रीला म्हटलं, "ते बटण काढा आणि पंप किल्लीलाच जोडा. किल्ली माझ्या उशाखाली असते."

पुढच्या तोडीनंतरच्या सकाळी क्रेट भरून बाहेर आले तर आबा सवयीनं बॉनेटसमोर उभे. मी बॉनेट उघडलं नाही. आत बसले, किल्ली अर्धी फिरवली, टकटक ऐकत थोडी थांबले आणि मग पूर्ण फिरवली. गाडी एका दमात चालू झाली. आबा दचकून मागं सरले. दिवे त्यांच्या तोंडावर पडले होते आणि ते डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होते.

"आबा, बाजूला व्हा," मी म्हटलं.

लग्न होऊन आल्यापासून असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. ते झाले बाजूला. मी गाडी काढली.

रस्ताभर माझ्या मनात आलं तेव्हा मी गिअर बदलला. एमआयडीसीला निघालेल्या मोटरसायकली भरभर पुढं जात होत्या, आणि मी मोठ्यानं गात होते, बेसूर. पिंपळीतल्या चहावाल्यानं हात केला, मीही केला, थांबले नाही. मी इतकी खूश होते की मलाच माझी गंमत वाटत होती.

बाजारात आडत्यानं आधी शेजारच्या सीटकडं बघितलं. "आबा उतरलं न्हाईत?"

"आले नाहीत."

लिलाव सुरू झाला. बोली चढली, चढली आणि थांबली. आडत्या सवयीनं इकडंतिकडं बघायला लागला.

"इकडं बघा," मी म्हटलं. "माल माझा आहे. एवढ्यात नाही द्यायचा. हात लावून बघा, एक कारलं मऊ निघालं तर सगळी फुकट न्या." अजूनही बरंच म्हटलं. आधी दोघंतिघं व्यापारी हसले, मग त्यांतल्या एकानं क्रेटमध्ये हात घालून चाचपून बघितलं, आणि बोली पुन्हा हलली. मी होय म्हटल्यावरच आडत्यानं लिलाव तोडला.

घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला आबांनी उचलला.

"बंद पडली का?"

"नाही, आबा. माल गेला. चांगला गेला."

"आडत्यासंगं कोन बोललं?"

"मीच."

"मग लई बोलली आसशील," आबा म्हणाले, आणि त्या भर गर्दीत मी क्रेटवर बसून पोटभर हसले.