साहेब आले त्या दिवशीचं लुगडं

लढाईवरून आमचे मालक परत आले तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापासून नव्हता. जखमी सैनिकांना, नाहीतर त्यांच्या बायकांना, सरकार धंदा उभा करून देतं असं कळलं. वर्षाच्या आत आमच्या दारात इंजिनावरची पिठाची गिरणी आली. हँडल मारायला दोन्ही हात लागतात, म्हणून ती माझ्या नावावर झाली.

मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. पण गिरणीत बोलावं लागत नाही. इंजिनाच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकूच येत नाही, ते मला फार बरं वाटायचं. मिरजगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला दगडाला टाकी लावायला शिकवलं. दगड उलटवून त्याच्या बोथट झालेल्या खाचा छिन्नीने पुन्हा कोरायच्या. ते काम मला मनापासून आवडायचं.

दुष्काळ होता. बाया रेशनची लाल मिलो ज्वारी दळायला आणायच्या. शेजारची चुलत जाऊ कानाशी येऊन ओरडायची, "आगं, रोज येवढं पीठ फासतीस, मालकाला गोरी बायकू पायजे हुती व्हय?" मी पदर तोंडाला लावून हसायचे. धाकट्या दिराला खडी फोडायच्या कामावर जायची लाज वाटायची. तो घरीच असायचा.

एका सकाळी मालक म्हणाले, "आज सायेब येनारेत, गिरन बघायला. हातपाय धू, लग्नातलं हिरवं लुगडं नेस."

"आन् दळन?"

"धाकटा बघंल आजच्या दिस. तुझ्या नावाची गिरन हाय, तू नीट दिसाया नको?"

मी नेसले. त्यांनी डाव्या हाताने माझा खांद्यावरचा पदर सारखा केला. "चांगली दिसतीस," म्हणाले.

साहेब जीपमधून उतरले तेव्हा दीर पट्ट्याजवळ उभा होता, भुवयांपर्यंत पिठाने माखलेला. एवढं पीठ माझ्या अंगावर दिवसभरातही उडत नसे. हे हाताने फासलेलं होतं. तरी मला काही कळेना.

दिराने इंजिन बंद केलं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या लुगड्याकडे.

"अर्ज खरा आहे म्हणायचा," ते मालकांना म्हणाले. मग मला विचारलं, "बाई, तुम्हाला गिरणी झेपत नाही ना? दिराच्या नावावर करायला हरकत नाही ना?"

अर्ज? मी मालकांकडे पाहिलं. ते बंद इंजिनाकडे बघत होते. त्या शांततेत दळणाला आलेल्या सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. दगड उलटवून पाहा आणि विचारा, टाकी कुणी लावली, एवढंच म्हणायचं होतं. मी खाली बघत राहिले. साहेबांनी तोच होकार मानला.

जीप गेल्यावर मी मालकांना विचारलं, "मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर नेसली असतीस का?" ते म्हणाले. "भाऊच हाय ना, परका हाय का? त्याचं लगीन जमंना. गिरन काय कुठं चाललीय? दारातच ऱ्हानार."

सासूबाई म्हणाल्या, "बसून खायला मिळतंय, तर रडतीस कशापायी?"

पुढं पीठ भरड येऊ लागलं. दीर चुलीपाशी येऊन उभा राहिला. "वैनी, तेवढी टाकी लावा की."

लावली. बायांच्या भाकऱ्या थापताना मोडत होत्या, त्यांचा काय दोष? गिरणी दिराच्या नावावर राहिली आणि टाकी मीच लावत राहिले. त्याचं लग्नही झालं. नवी जाऊ पाहुण्यांना सांगायची, "आमची गिरन."

मालकांनी मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ते वाईट होते असं मी कुणापुढं म्हणणार नाही. पण साऱ्या संसारात त्यांनी मला चांगली दिसतेस असं एकदाच म्हटलं, आणि ते आठवायचं तर मला ती सकाळ आठवावी लागते.