समुद्रगवताची एक टाकी

मीराचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "मावशी, आई पास्ड अवे दिस मॉर्निंग... शी वॉज नॉट इन पेन." मीरा ही उषाताईंची अमेरिकेतच वाढलेली लेक. मी गॅस बंद केला आणि तिथेच बसले. त्याला दीड महिना झाला.

उषाताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, मूळच्या मालवणच्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर एका प्रयोगशाळेत त्या काम करत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन तिथे गेले. नवरा दिवसभर ऑफिसात, मी भिंतींशी बोलायची. त्यांनीच मला ओढून लॅबमध्ये नेलं. खाडीच्या तळाशी उगवणारं समुद्रगवत तिथे उघड्या टाक्यांत लावलेलं असे. ते किती खारटपणा आणि किती उष्णता सोसतं, हे त्या बघत होत्या. त्या उन्हाळ्यातल्या निकालावर त्यांची नोकरी टिकणार की जाणार, ते ठरायचं होतं.

नेमकं जुलैत त्यांच्या भावाचं ऑपरेशन निघालं आणि त्या दहा दिवस कॅलिफोर्नियात सांता क्लाराला गेल्या. जाताना म्हणाल्या, "पाणी कमी झालं की भर घालत जा गं." मी शहाणी! समुद्राचं गवत म्हणून बादल्या भरभरून समुद्राचंच पाणी ओतत राहिले. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, हे रोज आमटी आटवणाऱ्या बाईला कळू नये? त्या परतल्या तेव्हा एका टाकीतली सगळी पाती तपकिरी पडली होती. मला रडू आवरेना.

उषाताईंनी एक रोप उपटलं, गाळातलं आडवं खोड नखानं दाबलं. "हे अजून फर्म आहे. वरचं गेलंय फक्त. आता एकदम गोडं पाणी ओतलं तर दुसरा शॉक बसेल. स्लोली करू." मग रोज थोडं थोडं गोडं पाणी. बदल हळूहळू झाला तर हे गवत पुष्कळ सोसतं, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. महिन्याभरात कोंब आले. नोकरीही टिकली... साहेबांना त्यांनी काय सांगितलं, हे लाजेपोटी मी कधी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात मी मीराकडे गेले, तेव्हा तिनं उषाताईंच्या खोलीतली लॅबची एक जुनी वही पुढे केली. इंग्रजी नोंदींच्या कडेला मराठीत लिहायची त्यांना सवय होती, आणि मीराला मराठी वाचता येत नाही. "व्हॉट डझ इट से, मावशी?"

मी वाचू लागले, "भर गोड्या पाण्याची घालायची, हे सांगायचं राहिलं. चूक माझी. साहेबांनाही तसंच सांगितलं." मीराला ते इंग्रजीत सांगितलं. मग खालची ओळ वाचली, "नवे कोंब सात. ही वेडी टाळ्या वाजवत होती."