काकांच्या हातातली चोराची चिठ्ठी

जगातल्या तमाम चोरांना शिकवणी द्यावी एवढी अक्कल असलेला, आणि तरीही बायकोच्या नजरेतून जन्मात एकदाही न सुटलेला चोर मी एकच पाहिला: माझ्या मावशीचे यजमान. तसे ते सज्जन गृहस्थ, श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. चोरी करायची ती फक्त चिठ्ठ्यांच्या खेळात. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की उसाच्या रद्द पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर राजा, प्रधान, शिपाई, चोर अशी चार नावं लिहून घड्या पडायच्या. खेळायला काका, मावशी, त्यांची मुलगी ताई आणि मी. राजा नि प्रधान आपापली चिठ्ठी उघड करणार, आणि उरलेल्या दोघांतला चोर प्रधानानं ओळखायचा. चुकला तर त्याचे सगळे गुण चोराला.

काकांच्या मते राजा होणं हे नशीब, प्रधान होणं ही नोकरी आणि चोर होणं ही विद्या. "चोरानं साळसूद दिसावं, ही अडाण्याची समजूत हाय," ते मांडीवर थाप मारून सांगत. "खरा घाबरलेला कोन असतो? शिपाई! बिचाऱ्यावर फुकटचा आळ येनार असतो. म्हनून चोरानं शिपायावानी कावरंबावरं व्हायचं." याची ते दाढी करताना आरशात तालीम करायचे. एकदा अर्ध्या गालावर साबण ठेवून इतके कावरेबावरे झाले की दारातला दूधवाला म्हणाला, "आवं, पोटात दुखतंय व्हय?" आम्हा दोघींना ते बेमालूम फसवत. मावशी मात्र प्रधान झाली की मान वर न करता, शेंगा सोलत सोलत म्हणायची, "चोर हे." तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. "हिला एकदा फसवीन आन् मगच डोळे मिटीन," काका चिडून म्हणत.

तिची युक्ती आम्हाला ठाऊक होती. चोराची चिठ्ठी हातात आली आणि समोर मावशी प्रधान असली की काका बायकोची विचारपूस करायचे. "अगं, गुडघा कसा हाय तुझा?" एरवी तो गुडघा निखळून पडला असता तरी यांनी पेपरातून डोकं काढलं नसतं. गंमत म्हणजे वजनकाट्यावर हाच माणूस याच खुणेवर लबाड पकडायचा. एखाद्या गाडीवानानं "राम राम सायेब, घरची मंडळी बरी हायती न्हवं?" म्हटलं की काका लगेच म्हणत, "ह्याच्या मोळ्या सोडा." आणि मोळ्यांतून हमखास दगड निघत. स्वतःची खूण मात्र त्यांना कधी कळली नाही, आणि मावशीनं आम्हाला सांगू दिली नाही.

एका शनिवारी काका नगरच्या डॉक्टरांना छाती दाखवून एसटीनं परत आले. चपला काढायच्या आधीच म्हणाले, "अगं, गुडघा कसा हाय तुझा?"

पीठ मळता मळता मावशीचा हात थांबला. "बराय. डॉक्टर काय म्हनले?"

"काय न्हाई. ॲसिडिटी."

दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या चिठ्ठ्या पडल्या. मी राजा, मावशी प्रधान. उरले ताई आणि काका. काकांनी चिठ्ठी पाहिली, कावरेबावरे झाले आणि म्हणाले, "तेल चोळून देऊ का गुडघ्याला?" ताईनं ओठ चावला. मावशीनं पहिल्यांदाच मान वर केली. त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग ताईकडे बोट केलं.

"चोर ही."

काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारी धावत आले. चिठ्ठी हातात धरून ते गल्लीभर फिरले, दूधवाल्यालासुद्धा दाखवून आले. मावशी चहा टाकते म्हणून आत गेली. बऱ्याच वेळानं मी पाहायला गेले, तर तिनं स्टोव्हसुद्धा पेटवला नव्हता.

पुढचा गळीत हंगाम काकांनी पाहिला नाही. आपण हिला फसवलं, ही त्यांची खात्री शेवटपर्यंत टिकली. मला त्यांची फार आठवण येते. अजून मी मावशीकडे जाते, सगळी चौकशी करते. गुडघ्याचं तेवढं विचारत नाही.