सकरीबाईचा वायसर

महिना झाला. सकाळी साडेसहाला मी चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात दारव्ह्याजवळच्या तांड्यावरून ललिताचा फोन आला. "सिस्टर, याडी गेली." याडी म्हणजे आई. सकरीबाईला अख्खा तांडाच याडी म्हणायचा, ललिता तर तिची सून. कशी गेली, विचारलं. "झोपीत. काल सांजेले शेजारणीसंग भांडली, जेवली, झोपली..." खरं तर रडू यायला हवं होतं, पण मला आधी हसूच फुटलं. भांडून, जेवून, झोपून गेली म्हणजे बाई सगळी कामं उरकून गेली. मग गॅस बंद केला आणि खुर्चीत बसून मनसोक्त रडले.

आमची ओळख कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली. मी तेव्हा दारव्ह्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. एका बुधवारी पन्नाशी ओलांडलेली एक बंजारा बाई आली, आरशांच्या कशिद्याची काचोळी, हातभर पांढऱ्या बांगड्या, आणि चेहरा मात्र पडलेला. बाकी बायका जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, हासू येऊ नये याची गोळी हाय काय तुमच्यापाशी?" मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. मी जरा खेकसलेच. तशी ती उठून निघाली. दारापर्यंत गेली, थबकली, आणि पाठमोरीच म्हणाली, "हासलं का लेहंगा वला होते, बाई." मी तिला हाताला धरून परत आणलं. त्या खेकसण्याची लाज मला अजून वाटते.

पाच बाळंतपणं, आणि प्रत्येक वेळी महिन्याभरात पुन्हा शेतात. वेचणीला कमरेला बांधलेली ओटी कापसाने भरत जाते तसतशी सगळं अंग खाली ओढते. चार वर्षांपासून खोकलं, शिंकलं, हसलं की लघवी सुटायची. जीपमध्ये दाटीवाटीने बसायची भीती, म्हणून बाजार बंद. लग्नांना जाणं बंद. आणि जे बंद झाल्याने ती खरी खंगली होती ते म्हणजे लेंगी. होळीला तांड्यावर फेर धरून लेंगी गातात आणि नाचतात. बायकांच्या फेरात पहिली ओळ उचलायचा मान वीस वर्षं सकरीबाईचा होता. चार होळ्या ती गुडघे दुखतात म्हणून घरात बसली होती. "गुडघे माहे दगडावानी हायेत," ती म्हणाली, "पन सांगू काय लोकाईले?"

मी विचारलं, मग इतके दिवस केलंत काय? तर म्हणे, घरात आढ्यापर्यंत कापूस पडलाय, त्याचेच बोळे करून घेत होते. पण एक थेंब शोषेल तर शपथ! झाडावरच्या कापसाला अंगचाच तेलकटपणा असतो, दवाखान्यातला कापूस तो काढून, धुऊन केलेला असतो. हे तिला कोण सांगणार? ती कपाळावर हात मारून म्हणाली, "घ्या! इकाले गेलं तं इकत नाई, अन् बोळा केला तं भिजत नाई. असा कसा हो हा कापूस?" आणि एवढं बोलून ती हसली, हसता हसता एकदम गप्प झाली, मांड्या आवळून खाली बघत राहिली... त्या क्षणी मला माझी आई आठवली. यवतमाळचं आमचं घर शिकलेलं, वडील कचेरीत, काका वकील. आईच्या गादीवर मेणकापड असायचं, आणि ती कीर्तनाला जायची का थांबली हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. मी नर्स होऊनही नाही.

आमच्या डॉक्टर मॅडमनी तपासून रिंग बसवायची ठरवली. सिलिकॉनची, बांगडीपेक्षा जराशी लहान, मऊ कडी. ती आत बसवली की खाली सरकलेल्या अंगाला टेकू मिळतो आणि लघवीच्या वाटेला आधार होतो. ना कापणं, ना टाके. अधूनमधून काढून साबणाने धुवायची, पुन्हा बसवायची, आणि ठरलेल्या वेळी तपासायला यायचं. पहिलं माप पाच मिनिटांत निसटलं. दुसरं बसलं. मॅडम म्हणाल्या, "आता खोकून दाखवा." सकरीबाई खोकली. उकिडवी बसली, उठली. मग लेहंगा दोन्ही हातांनी सावरून तपासणीच्या खोलीतच तिने टाळी वाजवत एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि खाली फरशीकडे बघत राहिली. फरशी कोरडी होती. आम्ही तिघीही जरा वेळ तिथे नुसत्या फरशीकडे बघत उभ्या होतो.

पुढचं तिच्याच तोंडून ऐकावं असं होतं, ती ते नकलांसकट सांगायची. होळी आठ दिवसांवर आली होती. रिंग धुऊन तिने दाराजवळच्या खिळ्याला वाळत लावली आणि पाणी आणायला गेली. मुलगा देविदास वांग्यांवर फवारायला निघालेला, पंपाच्या झाकणातून औषध पाठीवर गळत होतं. त्याला खिळ्यावर नवाकोरा वायसर, म्हणजे वॉशर, दिसला. त्याने तो झाकणाखाली दाबून बसवला आणि निवांत अर्धा वाफा फवारून आला. वर ओट्यावर बसलेल्या माणसांना कौतुकाने दाखवूही लागला, एक थेंब गळत नाही म्हणून! सकरीबाई घागर घेऊन आली, पंप पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. विषात बुडालेली रिंग आता काय कामाची? चार वर्षं जे शेजारणीलाही सांगितलं नव्हतं ते ती भर ओट्यावर, तांड्याच्या नायकासमोर ओरडली, "भाड्या, थो वायसर पंपाचा नाई, माह्या आंगाचा हाय! मूत गळते मायं, म्हून दवाखान्यातून बसवला. आता हासा, किती हासाचं थे!"

कुणी हसलं नाही. देविदास मान खाली घालून झाकण उघडत राहिला. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तीन बायका तिच्या दारात उभ्या होत्या. "याडी, थो वायसर आमाले बी भेटन काय?"

देविदासच दवाखान्यात आला होता. मला त्याचं फार कौतुक वाटलं. नजर जमिनीत, कान लाल, पण स्पष्ट म्हणाला, "मायची रिंग खराब झाली माह्या हातून. होळीच्या आंधी पायजे." त्या मापाची रिंग आमच्याकडे उरली नव्हती, मॅडमनी नागपूरहून मागवली. होळीच्या आदल्या दिवशी दुपारी पार्सल आलं आणि सकरीबाई रिंग बसवून घेऊन शेवटच्या जीपने गेली.

त्या होळीला मी तांड्यावर गेले. सकरीबाईने पहिली ओळ उचलली. चार वर्षं दाबून ठेवलेला आवाज होता तो. तिने बायकांना नाचवून नाचवून दमवलं, दिरांची टिंगल केली, तोंड उघडं टाकून हसली. शेवटी धापा टाकत माझ्याकडे आली, माझा हात धरून स्वतःच्या लेहंग्यावर ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पाहा सिस्टर, कोरडाठाक!" आयुष्यभर नोकरी केली, पण मला मिळालेलं खरं प्रशस्तिपत्र तेच.

त्यानंतर दर महिन्याला एका बुधवारी तांड्यावरून भरलेली जीप यायची. पुढे ड्रायव्हरशेजारी सकरीबाई. एखादी बाई तपासणीला लाजली की ती बाहेरूनच ओरडायची, "लाजतं कायले? तोंडात कवळी बशोतं तवा लाजतं काय?" रिंग ठेवायला तिने आरसे लावून एक बटवा शिवला आणि त्याच खिळ्याला टांगला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. सगळ्यांनाच रिंग लागत नसे, काहींना व्यायाम पुरे, एखादीला ऑपरेशन. पण बोलायला मात्र सगळ्या शिकल्या. माझ्या आईला मीही शेवटी विचारलं. आई आधी रागावली, मग म्हणाली, "फार उशीर केलास गं." पुढची तीन वर्षं ती पुन्हा कीर्तनाला गेली. हे सकरीबाईचे उपकार, तिला ठाऊकही नसलेले.

तेराव्याला तांड्यावर गेले. दाराजवळ तोच खिळा, त्यावर तोच बटवा. मी काढून पाहिला तर रिकामा. ललिता म्हणाली, "काढली नाई आमी रिंग. आंगातच राहू देली. म्हटलं, तिकडं गेली तरी नाचल्याबिगर राह्यते काय थे?" ओट्यावर देविदास, नायक, दहा-बारा माणसं बसली होती. ललिताने बटवा माझ्या हातून घेतला, झटकून पुन्हा त्याच खिळ्याला लावला आणि आवाज जराही न उतरवता म्हणाली, "बटवा मी ठेवतो, सिस्टर. मलेबी सालभरापासून तोच तरास हाय. बुधवारी येतो, माह्या मापाची पाहून ठेवाले सांगा."